जावक क्रमांक सत्तेचाळीस

तो आमच्या शाळेत रुजू झाला तेव्हा त्याला रजेचा साधा अर्ज लिहिता येत नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी मला हे सांगायला जागाच ठेवली नाही. आज जिल्हाभरातले मास्तर ज्याला अध्यक्षसाहेब म्हणतात, त्याने आपल्या पहिल्या अर्जात 'विषय' लिहायचा तिथे 'कारण' लिहिलं होतं आणि खाली 'तुमचाच' म्हणून सही ठोकली होती. मी लाल पेनने तो अर्ज दुरुस्त केला, पुन्हा लिहायला लावला आणि म्हणालो, बाळा, मायेचं पत्र नाही हे. त्याने हसून कान पकडले. तो अर्ज मी जपून ठेवायला हवा होता, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

आमची शाळा आसेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत. जिल्हा परिषदेच्या चार खोल्या, एक चिंचेचं झाड, बाजूला खिचडीची खोली. मी तिथला सर्वांत जुना शिक्षक, म्हणून प्रभारी मुख्याध्यापक. प्रभारी म्हणजे खुर्ची होती, पण खुर्चीचा आदेश नव्हता. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. शेलूबाजारला खोली करून राहायचा, मोटारसायकलवर यायचा आणि बुधवारी बाजाराच्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या भाजीची पिशवी त्याच्या हँडलला लटकलेली असायची. दुसऱ्याचं ओझं वाहायची त्याला पहिल्यापासून हौस. तेव्हा मी त्याला भोळा समजत होतो.

शिक्षक संघटनेत त्याला मीच नेलं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांतल्या, एका बाईंची बाळंतपणाची रजा मंजूरच होत नव्हती. त्यांचं सेवापुस्तक, म्हणजे आम्हा मास्तरांची आयुष्यभराची नोंदवही, मंगरूळपीरच्या कार्यालयात कुठल्या तरी गठ्ठ्यात बुडालं होतं. मी त्यांच्यासाठी एक निवेदन लिहिलं. निवेदन लिहावं तर मीच, हे तालुक्यात सर्वांना मान्य होतं. समास सारखा, अक्षर मोत्यासारखं, संदर्भात शासन निर्णयांची उतरंड. तो म्हणाला, "सर, मी घेऊन जातो न हे. तुमी कायले सुट्टी टाकता?"

गेला. बरोबर डबा घेऊन गेला. बाबूच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर सकाळपासून बसला. दुपारी बाबूलाच म्हणाला, या साहेब, दोन घास खा. चार वाजता दोघांनी मिळून गठ्ठे उपसले आणि सेवापुस्तक निघालं. दुसऱ्या दिवशी त्या बाई पेढे घेऊन शाळेत आल्या. मी हात पुढे केला, तोवर पुडा त्याच्याकडे गेला होता. मग त्याने मला एक पेढा दिला आणि म्हणाला, "कागद आपल्या सरायचा होता, बाई. मी तर निस्ता पोस्टमन." बाई हसल्या. मीही हसलो. पेढा मला गोड लागला नाही, आणि तो न लागण्याचं कारण मला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं.

पुढची काही वर्षं असंच चाललं. कागद माझा, डबा त्याचा. एकदा काळ्या फिती लावून आम्ही सारे वाशिमला जिल्हा परिषदेसमोर धरणे धरायला बसलो होतो. मी आठ दिवस खपून भाषण तयार केलं होतं, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. वीस मिनिटं बोललो. लोकांनी सभ्यपणे टाळ्या दिल्या, दोघे-तिघे मोबाईल पाहत होते. मग त्याला उभं केलं. तो माईक हातात घेऊन म्हणाला, "म्हाया वर्गात बत्तीस पोरं हायेत. मी इथं बसून राह्यलो तर त्यायले आज कोन शिकवन? हे साहेबायनं सांगावं, मंग मी बसतो नाईतर जातो." एवढंच. मंडप दणाणला. आतून साहेब स्वतः बाहेर आले. मी माझ्या भाषणाची पानं घडी करून खिशात घातली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरातच बसली.

तो तालुक्याचा सचिव झाला, मग अध्यक्ष झाला. फोन वाजला की "हा, बोला सर." जेवताना, गाडी चालवताना, सासऱ्याच्या तेरवीला बसलेला असतानासुद्धा. कुणाची मुलगी कोणत्या वर्गात आहे, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन कुठे झालं, हे त्याच्या डोक्यात असायचं. मी त्याला मागून 'तेरवीचा पुढारी' म्हणायचो. माझ्या ह्या विनोदावर एक-दोन जण हसायचे आणि मग त्यांच्याच घरी काही झालं की त्यालाच फोन लावायचे.

माझ्या घरातही तेच. एकदा तो घरी आला, माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, बीपीची गोळी चालू हाय न? का दिली सोडून?" तिला गोळी चालू आहे, हे त्याला माहीत! गोळीचं नाव मला विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तो गेल्यावर ती चहाचे कप उचलत म्हणाली, "माणूस चांगला हाय बाप्पा." मी म्हणालो, त्याचे सारे कागद मी लिहितो, हे तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "हाय न माहीत. तुमी लेहता, पन थे येतात. लोकायले येनारा माणूस पायजे." एवढं बोलून ती आत गेली आणि मी बराच वेळ बंद टीव्हीकडे पाहत बसलो.

आता खरी गोष्ट. आमचे जुने जिल्हाध्यक्ष निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, ही चर्चा वर्षभर आधीपासून सुरू होती. ती जागा मला हवी होती. सरळ सांगतो, फार हवी होती. मी सेवेने ज्येष्ठ, कायद्याचा जाणकार, अर्ध्या जिल्ह्याचे अर्ज माझ्या हातचे. कोऱ्या हजेरीपत्रकाच्या मागच्या बाजूला मी सही करून पाहायचो आणि खाली लिहायचो, 'जिल्हाध्यक्ष'. सही कशी दिसते ते जरा लांब धरून बघायचो. मग कागद बारीक फाडून टाकायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण होऊन कुणी तरी आपलं नाव घ्यावं, अशी माझी वाट पाहायची पद्धत. आणि जिकडे जावं तिकडे लोक त्याचं नाव घेत होते.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, सगळे गेले, आणि मी कार्यालयाच्या खोलीत एकटाच बसून एक तक्रारअर्ज लिहिला. निनावी. वाशिमच्या मोठ्या साहेबांना. 'सदर शिक्षक शाळेत कमी आणि कार्यालयांच्या दारात अधिक आढळून येतात, त्यामुळे त्यांच्या दुसरीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना साधे वाचनही येत नाही, तरी चौकशी व्हावी.' खाली, 'एक त्रस्त पालक'.

वाचन येत नाही हे खोटं होतं. त्याचा वर्ग माझ्या खोलीला लागून. ज्या दिवशी त्याला तालुक्याला जायचं असे, त्या दिवशी तो पोरांना तासभर आधी बोलावत असे. मी कुलूप उघडायच्या आत ती पायरीवर बसून मोठ्याने वाचत असायची. भिंतीतून मला त्यांचा आवाज रोज यायचा. कोण अडखळतं, कोण जोडाक्षरावर थांबतं, हेही मला कळायचं. त्या भिंतीला टेकूनच मी ते वाक्य लिहिलं.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. दोन तास लागले. आमच्या भागातल्या टपालाचा शिक्का नको म्हणून एसटीने कारंज्याला गेलो, बसस्थानकाजवळच्या पेटीत पाकीट टाकलं, आणि कुणी विचारलंच तर सांगायला म्हणून बायकोसाठी एक साडी घेतली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. गाडी गावाबाहेर पडली आणि एकदम मला आठवलं. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, वर, मी 'जावक क्रमांक ४७' असं लिहिलं होतं.

जे मास्तर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला एक क्रमांक असतो. तो आधी जावक रजिस्टरमध्ये पाहायचा, पत्रावर टाकायचा, मग रजिस्टरमध्ये नोंद करायची. वीस वर्षं मी त्या खुर्चीत बसून हेच केलं होतं. लिहायला बसलो की डावीकडचं रजिस्टर उघडायचं, शेवटचा आकडा बघायचा. त्या दिवशीही उघडलं होतं. सेहेचाळीस होता, म्हणून सत्तेचाळीस टाकला. हात बदलला, सवय बदलली नाही. त्रस्त पालकाने आपल्या तक्रारीला जावक क्रमांक दिला होता!

सोमवारी पोषण आहाराचा अहवाल पाठवायचा होता. त्याला कोणता क्रमांक द्यावा? सत्तेचाळीस दिला तर एकाच क्रमांकाची दोन पत्रं वरच्या कार्यालयांत जाणार. अठ्ठेचाळीस दिला तर रजिस्टरमध्ये मधली ओळ रिकामी राहणार, आणि रिकामी ओळ तपासणीत चालत नाही. दुसरा कुणी असता तर बिनदिक्कत सत्तेचाळीस टाकून मोकळा झाला असता. मला ते जमेना. मी सत्तेचाळीससमोर 'रद्द' असं लिहिलं, बारीक सही केली आणि अहवालाला अठ्ठेचाळीस दिला.

पंधरा-वीस दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला. हातात झेरॉक्स. साहेबांनी त्याला खुलासा मागितला होता आणि सोबत तक्रारीची प्रत जोडली होती. त्याने प्रत माझ्यासमोर पसरली, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि खो खो हसायला लागला.

"पाहा न सर, निनावी अर्ज, अन् वरतं जावक नंबर! मास्तरच हाय कोनीतरी."

मीही हसलो. किती हसावं हे न कळल्यामुळे जरा जास्तच हसलो. जावक रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. मी कोपर हलवलं नाही.

मग तो समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "खुलासा तुमीच लेहून द्या सर. म्हायाच्यानं नाई लेहनं होत असं. अन् मुख्याध्यापक म्हणून तुमची सही बी लागन खाली."

म्हणजे आरोपही मीच करायचा आणि बचावही मीच. मी कागद घेतला. काय सांगू, तो खुलासा मी फार चांगला लिहिला. आयुष्यात तसा कागद माझ्याकडून पुन्हा झाला नाही. भिंतीतून ऐकलेलं सारं त्यात आलं. पायरीवर बसणारी पोरं आली, एक तास आधीची शाळा आली, जोडाक्षरांवर अडखळणारी आणि महिन्याभरात न अडखळणारी मुलं आली. शेवटी मी लिहिलं, 'वरील मजकूर माझ्या प्रत्यक्ष माहितीतील असून खरा आहे', आणि सही केली. तो वाचत होता, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "तुमाले एवढं ऐकू येते व्हय सर?" तो म्हणाला. मला तेव्हाही त्याचा रागच आला. आपल्याबद्दल असं कुणीतरी लिहावं, असं त्याचं आयुष्य होतं, आणि ते लिहायला मी बसलो होतो.

केंद्रप्रमुख येऊन पोरांचं वाचन ऐकून गेले. तक्रार निकाली निघाली. उलट झालं असं की तो खुलासा कुणीतरी मोबाईलवर फिरवला, आणि ज्या मास्तरांना तो फक्त धावपळ्या पुढारी वाटत होता त्यांनाही तो गुरुजी वाटू लागला. उरलंसुरलं काम माझ्याच लेखणीने केलं.

पण मला दिवसभर एकच घोर. त्याला कळलं आहे का? तो कार्यालयात आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचो. खडू घ्यायला आला तरी वाटायचं, आता रजिस्टर उघडतो. ते मी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायला लागलो. तो मात्र तसाच. "सर, चहा घेतला का?"

नव्या अध्यक्षाच्या निवडीची सभा कारंज्यात एका मंगल कार्यालयात झाली. मी नवा शर्ट घातला होता. मावळते अध्यक्ष उभे राहिले आणि त्याचं नाव त्यांनीच सुचवलं. मग त्यांनी सभेवरून नजर फिरवली. क्षणभर मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, म्हणेल की ज्येष्ठ म्हणून सरांचाही विचार व्हावा. माझ्या शेजारचा पाण्याची बाटली शोधत होता.

"अनुमोदन आपल्या सरायनं द्यावं," मावळते अध्यक्ष माझ्याकडे हात करून म्हणाले. "घडवलं तर त्यायनंच."

मी उठलो. वीस मिनिटं बोलणारा मी, माझ्याकडे तेव्हा दोनच शब्द होते. "अनुमोदन देतो." टाळ्या पडल्या. तो मंचावरून खाली आला आणि सर्वांसमोर माझ्या पाया पडला. फोटोत मी हसतो आहे. तो फोटो माझ्या बायकोने फ्रेम करून घेतला आणि टीव्हीच्या वर लावला. मी नको म्हणालो तर म्हणाली, "काहून? चांगला तं आला तुमचा."

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. कॉम्प्युटरने केलेल्या बदल्या. माझी त्या शाळेतली वर्षं भरली होती, आणि मिळाली ती शाळा पार मानोऱ्याकडची, घरापासून दोन गाड्या बदलून जायची. लोक म्हणाले, अध्यक्षांच्या कानावर घाला, काही निघतो मार्ग. मी घातलं नाही. त्याच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिलेला मी, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं की मला घास गिळवत नसे. माझ्यानंतर सेवाज्येष्ठ तोच, म्हणून मुख्याध्यापकाचा प्रभारही त्याच्याकडेच द्यायचा होता.

प्रभार देणं म्हणजे सगळं शाळाघर एकेक करून दुसऱ्याच्या हाती मोजून देणं. तो यादी घेऊन बसला, मी वस्तू दाखवत गेलो. टेबल, खुर्च्या, नकाशे, पृथ्वीचा गोल. बाहेर चिंचेखाली पोरं ओरडत होती. मग रजिस्टरं आली. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक रजिस्टरचा शेवटचा क्रमांक पाहायचा आणि तिथे देणाऱ्याने व घेणाऱ्याने सही करायची. शेवटचं पान पाहिलं की झालं, मागे कुणी जात नाही.

मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जावक रजिस्टर काढून दिलं. त्याने शेवटचं पान उघडलं. मग तो पानं मागे उलटू लागला. सावकाश उलटत होता, पण शोधत नव्हता. कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. सत्तेचाळीसवर त्याचं बोट थांबलं.

त्याने वर पाहिलं नाही.

"रद्द काहून लेहलं सर?" तो म्हणाला. "पोचलं न थे."

रजिस्टर टेबलावर असायचं तेव्हाच त्याने ते पान पाहिलेलं असणार. म्हणजे माझ्याकडून खुलासा लिहून घेताना त्याला माहीत होतं. मी अनुमोदन देत होतो तेव्हा माहीत होतं. पाया पडताना माहीत होतं. आणि त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर माझ्या बायकोने तो फोटो लावला नसता. मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच. एवढं पोटात ठेवून रोज 'चहा घेतला का' म्हणून विचारणं, हेही त्याला जमलं होतं.

त्याने शेवटचं पान पुन्हा उघडलं, सही केली आणि पेन माझ्याकडे दिला. मी त्याच्या सहीखाली सही केली. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

त्याने यादीवर खूण केली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"वजनकाटा, एक."

"हाय," मी म्हणालो आणि उठून काटा दाखवला.